फोनपुढचा शिधा

हेमलता साडी घ्यायला सुनंदाबाईंच्या फॉल-पिकोच्या दुकानात शिरली तेव्हा आत कुणी बाई घाईघाईने काहीतरी वाचत होती. इतक्या घाईने, की तिची बस सुटत असावी. पण मशीनवर तर सुनंदाबाई एकट्याच होत्या. आवाज येत होता तो रिळांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून, आणि दोन-तीन वाक्यं गेल्यावर हेमलताच्या लक्षात आलं, की पुढचं वाक्य तिला पाठ आहे. ‘नदीचं पाणी पायरीला लागलं तशी म्हातारीने दाराची कडी काढली.’ रेकॉर्ड करताना या वाक्यानंतर हेमलता थांबली होती. चांगली थांबली होती. म्हातारी घर सोडते आहे की पाण्याला आत घेते आहे, हे ऐकणाऱ्याच्या मनात घोळायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हेच आपलं काम, असं ती धरून चालली होती. फोनमधली बाई थांबलीच नाही. कडी काढली आणि लगेच पुढच्या वाक्यात शेजारचा माणूस बिडी पेटवून मोकळा झाला.

“दीडपटीवर लावते मी,” सुनंदाबाई दोरा ओवत म्हणाल्या. “ही बाई फार रेंगाळते हो ताई. गोष्ट चांगली आहे, पण हिचं संपतच नाही. लेकी-जावयांच्या अधिकाच्या साड्यांचा हा ढीग पडलाय, तेवढाच जीव रमतो. तुम्ही ऐकता का असलं? सगळं फुकट आहे. लिंक पाठवते, थांबा.”

ती बाई मीच, असं हेमलताला म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण रेंगाळणारी बाई मीच, असं कसं म्हणणार? ती “पाठवा” म्हणाली, साडी पिशवीत घातली, आणि तोंडाला ओढणी गुंडाळून जळगावच्या त्या भाजणाऱ्या दुपारी रस्त्याला लागली. राग यायला हवा होता. चोरीचा माल डोळ्यांदेखत पाहिल्यावर माणसाला राग येतोच. पण तिला आधी आला तो थकवा, आणि तोही आजचा नव्हता. गेल्या सहा वर्षांचा, तेरा पुस्तकांचा होता. पुण्याची ऑडिओबुकची कंपनी पुस्तकं पाठवायची आणि ती आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कपाटात बसून ती वाचायची. कपाट म्हणजे खरंच कपाट. भिंतीतलं, मोठं, आवाज घुमू नये म्हणून आतल्या बाजूने आईच्या हातच्या चार गोधड्या खिळ्यांनी ठोकलेलं. दार लावून घ्यायचं, कूलर बंद, पंखा बंद, कारण माईकला पंख्याचा वाराही ऐकू येतो. गल्ली झोपलेली असते ती वेळ दुपारी दोन ते चार, आणि मे महिन्यात दोन ते चार जळगावात कूलर बंद करून गोधड्यांच्या कपाटात बसणं हा काय प्रकार आहे, ते पुण्यात बसलेल्या माणसाला फोनवरून सांगता येत नाही. मांडीवर ओला नॅपकिन असायचा. कपाळावरचा घाम कागदावर पडला की त्याचा टप्प असा आवाज व्हायचा आणि ते वाक्य पुन्हा घ्यावं लागायचं. तिचे सगळे श्वास पेन्सिलने कागदावर मांडलेले असत. छोटी रेघ म्हणजे अर्धा श्वास, उभ्या दोन रेघा म्हणजे थांबायचं. त्या दोन रेघा सुनंदाबाईंनी एका बोटाने पुसून टाकल्या होत्या.

घरी येऊन तिने लिंक उघडली. ‘फुकट ऐका मराठी’ नावाचं चॅनेल होतं आणि त्यात तिची तेराच्या तेरा पुस्तकं, एकाखाली एक, नावनिशीवार. प्रत्येकाखाली ‘वाचन : हेमलता नवल पाटील’. चोर असा नेमका की त्याने नावसुद्धा चोरलं नव्हतं. लग्नानंतरही तिने आवाजापुरतं वडिलांचंच नाव ठेवलं होतं. ऐकणारे अकरा हजार. ‘ताईंचा आवाज म्हणजे माहेर’ असं कुणी धरणगावाकडच्या बाईने लिहिलं होतं. ‘नवीन कधी टाकणार?’ असं तर किती जणांनी. हेमलताने ते सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. कंपनीच्या ॲपवर तिला ऐकणारे जेमतेम सहाशे होते. आनंद ओसरल्यावर मग तिला कंपनीत तिचं काम बघणारा, नवीन नावाचा पोरगा आठवला. मागच्या महिन्यात तो फोनवर म्हणाला होता, “ताई, सगळ्यांचे ऐकण्याचे तास बघणं चाललंय. ज्यांचे तास कमी, त्यांची पुस्तकं मशीनकडून वाचून घ्यायची असं वरून ठरतंय. तुमचे जरा वाढायला पाहिजेत.” तास तर भरपूर होते, ते दुसऱ्याच्या दारात होते. तिने नवऱ्याला, लीलाधरला फोन लावला. तो धुळ्याला देवपुरात राहायचा, बँकेतल्या नोकरीपायी, आणि शनिवारी यायचा. “तक्रार करून मोकळी हो,” तो म्हणाला. “यात विचार कसला करायचा?” त्याचं बरोबरच होतं. त्याचं नेहमी बरोबर असतं. तिने तेराही लिंका नवीनला पाठवून दिल्या आणि डोळे मिटून पलंगावर पडली. हे काम राहिलं पाहिजे, एवढंच तिला वाटत होतं. त्या कपाटाचा कितीही कंटाळा आला असला तरी त्याच्याबाहेर आपण कोण आहोत, हे तिला पन्नाशीत नव्याने शोधायचं नव्हतं.

दोन दिवसांनी चॅनेल गेलं. तिने उघडून पाहिलं तर पांढऱ्या पडद्यावर एक ओळ, की असं काही इथे नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. भाजी चिरताना, दूध तापवताना ती पुन्हा पुन्हा फोन उघडून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. अकरा हजार माणसं कुठे गेली असतील? वाक्याच्या मध्यावरच दार लागलं असेल कुणाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून कोकिळाअक्काचा फोन आला. अक्का म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको, आता ऐंशीला आलेली, मोतीबिंदूने दोन्ही डोळे झाकोळलेली. धरणगावापलीकडच्या त्या गावात वडील गेल्यापासून हेमलताचं म्हणावं असं तेवढंच माणूस होतं.

“हेमा, तुनी पोथी बंद पडी गयी वं माय.”

“कुठली पोथी, अक्का?”

“जी तू मोबाईलमा वाचस ती. धरणमा गाव बुडस ती. काल सांजले बठ्ठ्या बारा बाया जमेल व्हत्यात, नारळ ठेयेल व्हता, दिवा लायेल व्हता, आन दीपकना मोबाईलमा काहीच नही. चोवीस अध्याय व्हई गयात, चार बाकी ऱ्हायनात. पोथी अशी मधमा सोडतस का?”

हेमलता कट्ट्याला टेकली. अक्का सांगत गेली तसं तिला कळत गेलं. अधिक महिना लागला तेव्हा गावात पोथी वाचायला कुणी उरलं नव्हतं. म्हाताऱ्यांचे डोळे गेलेले, तरुणांना वेळ नाही. अक्काचा मुलगा दीपक, तो केळीच्या गाड्या भरतो, त्याने फोनमध्ये शोधता शोधता हेमलताचं नाव पाहिलं. पोथी वाचणाऱ्या नवलभाऊची मुलगी वाचते आहे म्हटल्यावर कोणती पोथी, हे कुणी विचारलं नाही. पाटावर फोन मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि रोज एक अध्याय. कंपनी ज्याला भाग म्हणत होती त्याला त्या बाया अध्याय म्हणत होत्या.

“त्यात देव नाही गं अक्का. ती साधी कादंबरी आहे.”

“देवनं नाव नही तर नही. मानसंना हाल तेच,” अक्का म्हणाली. “आन दीपकनी आमनाकरता हळू करी दिधं. आते नवलभाऊच वाचस असं वाटस. तुना शिधा बी साचेल शे. रोज ठेवतस बाया. कोन लई जाई तो? मोबाईल?”

कोणीतरी ते चॅनेल बंद केलं, असं दीपक म्हणतो. कोणी केलं कोण जाणे, अक्का म्हणाली. हेमलताला सांगता आलं असतं की अक्का, मीच केलं, माझं काम टिकावं म्हणून केलं, आणि पैसे भरून ते अजूनही ऐकता येतं. पण पाटावर फोन, त्याच्यापुढे ओंजळभर तांदूळ, डाळ आणि गुळाचा खडा, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आल्यावर यातलं एक अक्षर तिच्या तोंडून निघेना. फुकट, फुकट म्हणून सगळे ऐकत होते, आणि या बारा बाया रोज न चुकता शिधा ठेवत होत्या. चार भाग पाठवून द्यावेत, तर काम पोचलं की घरातली फाइल पुसून टाकायची असा करार होता आणि तिने तो इमानाने पाळला होता. उरले होते ते पेन्सिलीच्या रेघांचे कागद. “मी येस, अक्का,” ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. माईकपुढे बसायला लागल्यापासून तिने घासून घासून जिभेवरून गाव उतरवलं होतं. ते कुठेतरी शिल्लक होतं म्हणायचं.

रविवारी दुपारी ती धरणगावावरून पुढे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसली होती, मांडीवर कागदांची चळत. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, मध्येच केळीचा हिरवा तुकडा, आणि सगळ्यावर पांढरट ऊन. तिला वडील आठवत होते. दिवसा जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि श्रावणात संध्याकाळी पाय धुऊन अक्काच्या घरी पोथीला बसायचे. महिनाभर कोणाकडून काही घ्यायचे नाहीत. समाप्तीला शिधा मिळायचा, तो आई पदरात घ्यायची. आणि एका श्रावणात, हेमलता अकरा वर्षांची असताना, समाप्तीला तीन दिवस राहिले होते आणि मुक्ताईनगराहून सांगावा आला की नवलची बहीण भागाबाई गेली. सांगावा घेऊन आलेल्या माणसाला अक्काने वेशीवरच गाठलं. सुतक लागलं तर वाचता येत नाही, आणि अर्ध्यावर पोथी ठेवायची म्हणजे गावाला ते रुचणार नाही. अक्काने त्याला चहा पाजून परत लावून दिलं, घराघरांत जाऊन सगळ्यांची तोंडं बंद केली, त्यात हेमलताचंही. तीन दिवस वडील वाचत राहिले आणि तिकडे बहिणीची राख सावडून झाली. समाप्ती झाली, नारळ फुटला, तरी कुणी त्यांना शब्दाने सांगितलं नाही. अक्का एवढंच म्हणाली, की मागच्या दारी पाणी काढून ठेवलं आहे. वडील मागे गेले. दगडाजवळ भरलेली बादली, तिच्यावर घडी घातलेला पंचा. भर संध्याकाळी, न मागता काढून ठेवलेलं आंघोळीचं पाणी. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं नाही. तांब्या डोक्यावर घेतला आणि मग घेतच राहिले. त्यांना पहिल्याच दिवसापासून माहीत होतं, असं आई पुढे म्हणायची. ते तीन दिवस त्यांचं वाचणं एकदम मंद झालं होतं. कितीतरी वर्षांनी हेमलताने त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पोथी चालू होती तोवर भागा होती.”

पाळधी मागे पडल्यावर फोन वाजला. नवीन होता, रविवार असून.

“ताई, अभिनंदन. तुमच्या सगळ्या लिंका बंद झाल्या. साहेब खूश आहेत तुमच्यावर,” तो म्हणाला. “आणि एक सांगायचं होतं. पुढच्या महिन्यापासून वाचनाचं सगळंच काम मशीनकडे जातंय. सगळ्यांचंच. पण तुमचा आवाज आम्ही सोडणार नाही, ताई. तेरा पुस्तकांवरून मशीन तो शिकली आहे. करारात ते कलम आहेच. ऐकणाऱ्याला फरकसुद्धा कळत नाही. तुम्हाला आता त्या कपाटात बसून घाम गाळायची गरज नाही.”

“बरं,” हेमलता म्हणाली.

पोरगा मनापासून बोलत होता, तिला आराम मिळतो आहे याचं त्याला खरंच बरं वाटत होतं. तिने फोन पर्समध्ये ठेवला. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली, पण ते आलं नाही. आपला आवाज आता आपल्याशिवाय बोलेल. त्याला घाम येणार नाही, तहान लागणार नाही, आणि तो कुठेच थांबणार नाही, कुणी सांगितलं तर तेवढाच थांबेल. अकरा हजार माणसांची दारं तिने लावून टाकली ती कशासाठी, तर या “बरं”साठी. बस गावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा कंडक्टरला तिला दोनदा हाक मारावी लागली.

अक्काच्या घरात बाया जमल्या होत्या. सतरंजीवर कडेकडेने बसलेल्या, बऱ्याचशा पिकल्या केसांच्या. कोपऱ्यात शिध्याची गोणी तोंड बांधून ठेवलेली. अक्काने हेमलताचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि दीपकला म्हणाली, “कूलर बंद कर. वाचानं शे.” कूलर थांबला आणि खोलीत एकदम उकाडा भरला. कुणी कुरकुर केली नाही. गेले चोवीस दिवस या बाया अशाच बसत होत्या तर. आपण जसं कूलर बंद करून वाचलं, तसंच यांनी कूलर बंद करून ऐकलं, हे हेमलताला आत्ता कळलं. दीपकने पाटावरचा फोन उचलला. त्या जागी तिने कागद ठेवले.

पंचविसावा अध्याय तिने कपाटातल्या सवयीने वाचायला घेतला, शब्द न शब्द स्वच्छ, आवाज घासूनपुसून. पानभर झालं तशा बाया चुळबुळायला लागल्या. “हळू, माय,” अक्का म्हणाली. “रोज वाचस तशी वाच.” रोज ती कशी वाचत होती, ते दीपकच्या फोनला माहीत. तिने पेन्सिलीच्या रेघा बघायचं सोडून दिलं. सव्विसाव्यापर्यंत तिला ती चाल सापडली. संथ, वाक्याच्या शेवटी किंचित खाली बसणारी, जिनातून थकून आलेल्या माणसाची. मध्ये चहा झाला. कुणी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? कोणी मेलेलं नव्हतं. सत्ताविसावा झाला. ऊन उतरलं, दारातून पिवळा उजेड आत आला, आणि अठ्ठाविसाव्याचे सात कागद तेवढे उरले.

ते सात कागद तिच्याने उरकेनात. गाव बुडत होतं, माणसं गाड्या जुंपत होती, आणि हेमलताला पुढे जायचंच नव्हतं. हे संपलं की पाटावरून उठायचं. मग जळगाव, मग ते कपाट, त्यातल्या गोधड्या काढून घड्या घालायच्या. जोवर ती वाचत होती तोवर तो आवाज तिचा होता, तिच्या छातीतून निघत होता, बारा माणसांसमोर. पुढल्या वाक्याला मशीन आली असती. म्हणून ती एकेका शब्दावर थांबत गेली. मुद्दाम नव्हे. जीभच उचलत नव्हती. मध्येच अक्का भिंतीला धरून उठली आणि आत गेली. पोथीतून कुणी उठत नसतं, बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मागच्या अंगणात हापशाची कुरकुर ऐकू आली, थांबली, पुन्हा आली. हेमलता वाचत होती. नदीचं पाणी पायरीला लागलं तशी म्हातारीने दाराची कडी काढली. कादंबरी पहिल्या पानावरच्या त्याच वाक्यावर येऊन संपत होती. तिने ते वाचलं आणि ती थांबली. किती वेळ, कुणी मोजलं नाही. कुणी हललंही नाही.

समाप्ती झाली. दीपकने नारळ फोडला, बायांनी तिच्या कपाळी कुंकू लावलं, एकीने गोणी ओढून तिच्या पायाशी आणली. तिच्यात किती तांदूळ होता कोण जाणे, तिला ती हलेना. अक्का मागच्या दारातून आत आली. लुगड्याचा काठ ओला होता. ती चाचपडत पाटापर्यंत पोचली, खाली बसली आणि हेमलताच्या पाठीवर हात ठेवला.

“मांगला दारले पानी काढी ठेयेल शे,” ती हळूच म्हणाली. “जाय माय. आंग धुई ले.”

हेमलताने अक्काच्या त्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहिलं. मग उठली आणि मागे गेली. दगड तोच होता. बादली भरलेली, तिच्यावर घडी घातलेला पंचा. घरात बाया उरलेला प्रसाद वाटून घेत होत्या, त्यांचं बोलणं इथवर येत होतं. पंचा तिने बाजूला ठेवला, खाली बसली आणि पहिला तांब्या डोक्यावर घेतला.